सोलापूरच्या हवेत निळ्या जिभेची सापसुरळी पाळताना या चुका टाळा

निळ्या जिभेच्या सापसुरळीच्या, म्हणजे ब्लू टंग स्किंकच्या संगोपनाची जी माहिती सहज हाती लागते, ती बहुतांशी थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेली असते. तेथे प्राण्याला ऊब कशी पुरवावी हा मुख्य प्रश्न असतो. सोलापुरात नेमके उलटे आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, स्लॅबखालची खोली रात्री उशिरापर्यंत निवत नाही आणि हवेत ओल नावाला उरत नाही. त्यामुळे येथे खरी कसोटी लागते ती पेटीची थंड बाजू राखण्यात, आणि आजाराच्या बहुतेक तक्रारींचा माग काढत गेले की आपण त्याच बाजूपाशी येऊन थांबतो.

दिवा आहे, पण सावली नाही

या प्राण्याला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. ऊन खाण्याच्या जागेचा दगड ३८ ते ४० अंश आणि दुसरे टोक २४ ते २७ अंश असे असले, तर तो दिवसभर हवे तसे ये-जा करून आपली गरज भागवतो. हा फरक पडण्यासाठी पेटी किमान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद हवी. दोन फुटांच्या काचेच्या टाकीत एका टोकाला दिवा लावला की दुसरे टोकही तापते, हे साधे गणित अनेकांच्या लक्षात येत नाही.

मे महिन्यात दुपारी तीन वाजता इन्फ्रारेड तापमापी थंड कोपऱ्यावर धरून पाहावी. आकडा ३३-३४ च्या वर दिसला, तर ऊब देणाऱ्या दिव्याचे त्या वेळी काहीच काम नाही. उन्हाळ्यात तो सकाळी सातच्या सुमारास लावून दहा-अकराला बंद करावा आणि एरवीही थर्मोस्टॅटशिवाय वापरू नये. पेटी तळमजल्यावर किंवा घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी. थंड बाजूला फुटलेल्या माठाचा अर्धा भाग पालथा घालून तो बाहेरून ओला करत राहिल्यास आतली जागा चांगली गार राहते. मात्र पेटीला जाळीच्या खिडक्या असतील तरच, कारण हवा खेळली नाही तर पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही. भारनियमनाच्या दिवसांत गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच बाजूला ठेवावी.

सापसुरळी तोंड उघडे ठेवून कोपऱ्याला चिकटली असेल किंवा काचेवर सारखी धडका मारत असेल, तर तिला उष्णता सोसवत नाही असे समजून लगेच गार खोलीत हलवावे आणि उथळ, साध्या पाण्यात ठेवावे. बर्फाचे पाणी वापरू नये. तोंड उघडे आहे, पण पेटी गार आहे, नाकाशी बुडबुडे दिसतात आणि श्वासाला टिकटिक असा आवाज येतो, असे असेल तर तो श्वसनमार्गाचा संसर्ग असतो व त्यासाठी पशुवैद्यकच गाठावा लागतो.

काचेच्या टाकीला उन्हात ठेवून ‘नैसर्गिक ऊन’ देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. काचेतून यूव्हीबी, म्हणजे उन्हातले हाडांसाठी लागणारे अतिनील किरण, जवळजवळ येत नाहीत; उष्णता मात्र आत कोंडते आणि काही मिनिटांतच प्राणी दगावू शकतो. त्यासाठी यूव्हीबी देणारा, लांब आणि बारीक नळीचा (टी-५) दिवा घ्यावा आणि तो वरवर उजळत असला तरी साधारण वर्षाने बदलावा.

कोणत्या जातीची, हे न विचारता केलेली खरेदी

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या जातीला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. इंडोनेशिया आणि न्यू गिनीकडच्या जातींना ६० ते ८० टक्के लागते. विक्रेता नुसते ‘ब्लू टंग’ म्हणून मोकळा होतो आणि घेणाराही रंगावर भाळतो. कोरडी हवा मानवणारी जात सोलापूरला पुष्कळ सोपी जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. कूलर लावलेल्या खोलीत उन्हाळ्यात आर्द्रता वाढते आणि ते इंडोनेशियन जातीला सोयीचे ठरते. तोच कूलर पावसाळी दमट हवेत चालू राहिला तर ऑस्ट्रेलियन जातीची छाती भरते. आर्द्रता मोजणारा शेदोनशे रुपयांचा हायग्रोमीटर पेटीत ठेवल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही.

खरेदीपूर्वी कागदपत्रे पाहावीत. ऑस्ट्रेलिया आपल्याकडचे जिवंत सरपटणारे प्राणी व्यापारासाठी निर्यात होऊ देत नाही, म्हणून ‘थेट ऑस्ट्रेलियाहून आणली’ असे सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्टांतील विदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते आणि त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये लागू झाले आहेत. शेतात दिसणारी आपली सापसुरळी किंवा घोरपडीचे पिल्लू उचलून आणण्याचा विचारही करू नये. घोरपड तर अनुसूची एकमध्ये आहे.

कात बोटांवर अडकणे

कोरड्या हवेत कात अंगावरून निघते, पण बोटांवर राहते. भिंगातून पाहिले तर बोटाच्या पेरापाशी पांढुरकी, कागदासारखी कडी दिसते. दोन-तीन वेळा कात टाकताना अशा कड्या एकावर एक साचल्या की रक्तपुरवठा तुटतो, बोट काळे पडते आणि झडते. पाय कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजू द्यावेत आणि ओल्या कापसाच्या काडीने कडी नखाकडे हळूहळू गुंडाळत न्यावी. कोरडी कात ओढू नये, कारण तिच्याबरोबर नखही येते. कातीच्या दिवसांत ओलसर कोकोपीट भरलेला एक डबा लपण्यासाठी ठेवला, तर ही वेळ सहसा येत नाही.

तळाला वाळू, लाकडाच्या वखारीतला भुसा किंवा साखर कारखान्यातले ताजे बगॅस पसरू नये. वाळू पोटात साचते, भुशाची धूळ श्वासात जाते आणि बगॅसमध्ये उरलेल्या गोडीमुळे बुरशी धरते.

खाण्यातल्या चुका

हा प्राणी मिश्राहारी आहे. प्रौढाच्या आहारात साधारण निम्मा भाग प्रथिनांचा, उरलेल्यात मुख्यतः भाज्या आणि फळ अगदी थोडे, असे प्रमाण ठेवावे. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, दोडका आणि रताळे येथे सहज मिळतात. पालक, चुका आणि अंबाडी यांतले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून त्या नेहमी देऊ नयेत. कांदा, लसूण आणि अ‍ॅव्होकॅडो पूर्ण वर्ज्य. पोळी, दूध आणि वरणभात कौतुकाने भरवणारे लोक असतात. त्यांना पेटीपासून लांब ठेवलेले बरे.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन स्वच्छ धुऊन, वाळवून, बारीक पूड करून भुरभुरता येते. त्याऐवजी विड्याचा चुना देणे धोक्याचे आहे, कारण तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो. पावसाळ्यात शेतातल्या गोगलगायी किंवा नाकतोडे आणून देऊ नयेत. सोयाबीनमध्ये गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात आणि विष खाल्लेली गोगलगाय बाहेरून ओळखता येत नाही.

प्रौढाला आठवड्यातून एक-दोनदा खाणे पुरते. डिसेंबर-जानेवारीत भूक मंदावली, पण वजन टिकून आहे आणि डोळे तरतरीत आहेत, तर बळेच भरवू नये. वजन उतरत असेल किंवा खाल्लेले बाहेर पडत असेल, तर आधी तापमान तपासावे. ऊब कमी पडली की पचन थांबते.

आजार बळावल्यावर एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. जनावरांच्या गोचिडांवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन सापसुरळ्यांना घातक ठरू शकते, तेव्हा जवळच्या पशुवैद्यकाला प्राण्याची जात स्पष्ट सांगावी. सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार करणारा तज्ज्ञ शोधत पुण्यापर्यंत जावे लागलेच, तर उन्हाळ्यात पहाटे निघावे, प्राणी भोके पाडलेल्या डब्यात सुती फडक्यावर ठेवावा आणि बंद गाडीत एकटा सोडू नये.