बडोद्यात राहून वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांची कारकीर्द कशी अभ्यासावी

वॉल्टर बर्ली ग्रिफिन (१८७६–१९३७) या अमेरिकन वास्तुरचनाकाराचा अभ्यास कॅनबेराच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या, आराखड्यापासून सुरू करू नये. त्या आराखड्यासाठीची स्पर्धा त्यांनी १९१२ साली जिंकली, परंतु त्यांचा हात घडला तो शिकागोच्या उपनगरांतील घरांवर. प्रथम एक छोटा कालपट आखावा: १८९९ मध्ये इलिनॉय विद्यापीठाची पदवी, १९०१ पासून प्रसिद्ध अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांच्या ओक पार्क येथील स्टुडिओत काम, १९०६ नंतर स्वतंत्र व्यवसाय.

सर्वाधिक वेळ मात्र नकाशांना द्यावा. शिकागोजवळच्या एल्महर्स्ट येथील, त्यांनी रचलेल्या एमरी घराचा छेद (इमारत उभी कापल्यावर आतली रचना दाखवणारे रेखाटन) स्वतः काढून पाहिला, की फरशीच्या पातळ्या कशा वरखाली सरकतात आणि मधे भिंत न घालताही दालने कशी वेगळी होतात, हे ध्यानात येते. ही नजर तयार व्हावी म्हणून बडोद्याच्या दांडिया बाजारातील एखाद्या जुन्या वाड्यात, अर्थातच मालकांची परवानगी घेऊन, चौक, ओटी आणि माजघर यांच्या उंचीतील फरक टेपने मोजावा व तो छेद कागदावर उतरवावा. नुसते फोटो काढून हे साधत नाही.

रेखाटने पाहताना पत्नी मॅरियन माहोनी यांचे नाव गाळू नये. कॅनबेराच्या स्पर्धेतील देखणी चित्रे त्यांच्या हातची होती, आणि श्रेय बराच काळ पतीकडेच गेले, हा माझ्या मते उघड अन्याय आहे.

अखेरचा टप्पा आपल्याच देशातील आहे. ग्रिफिन १९३५ मध्ये लखनौला आले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. तेथील त्यांच्या बहुतेक रचना कागदावरच राहिल्यामुळे इमारतींपेक्षा आराखड्यांचाच शोध घ्यावा.