जुन्या हस्तलिखितातली वनस्पती ओळखताना

मध्ययुगीन युरोपातल्या वनौषधींच्या हस्तलिखितातलं चित्र समोर आलं की मी फुलाकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी पानं. ती खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक? कडा दातेरी आहे का? पान अखंड आहे की पर्णिकांचं, म्हणजे छोट्या छोट्या भागांत विभागलेलं? रंग न भरता, पेन्सिलीने नुसती ही मांडणी कागदावर उतरवून घ्या. डोळा फसतो, हात फसत नाही.

मग खरा प्रश्न विचारा: चित्रकाराने झाड पाहिलं होतं की आधीचं चित्र? नकलेवरून नक्कल होत गेली की झाड हळूहळू नक्षी होतं, डावी बाजू हुबेहूब उजवीसारखी होते. इ. स. 512 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये तयार झालेली, डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या वनौषधीग्रंथाची प्रत व्हिएन्नात आहे. त्यातली काटेरी ब्लॅकबेरी आजही चटकन ओळखू येते. पुढच्या कित्येक शतकांतल्या प्रती तिच्या जवळपासही पोचत नाहीत. इटलीतल्या पादुआत 1400 च्या आसपास चितारलेल्या कॅरारा हर्बल या वनौषधीग्रंथामध्ये पुन्हा जिवंत झाडं भेटतात, आणि मला ती फार प्रिय आहेत. म्हणजे नंतरचं चित्र जास्त अचूक, असं धरून चालू नका.

मँड्रेक या दंतकथांनी वेढलेल्या औषधी झाडाचं मूळ माणसासारखं काढलेलं दिसलं की लोक पान उलटतात. जरा थांबा. मुळाच्या वर बघा: उंच खोड नाही, रुंद पानांचा झुबका थेट जमिनीलगत, आणि अनेक चित्रांत मधोमध गोल फळं. हे सगळं खऱ्या झाडाशी जुळतं. मूळ दंतकथेतून आलं, पानं झाडावरून. एकाच चित्रात दोन्ही नांदतात, ते वेगळं करणं हेच आपलं काम.

शेजारी साप असेल तर बहुतेक वेळा ते सर्पदंशावरचं औषध असतं. फूल आणि फळ एकाच फांदीवर दिसलं तर चूक समजू नका, झाडाच्या दोन अवस्था एकत्र दाखवायची रीतच होती. आकारावरून उंची ठरवू नका. गवत असो वा वृक्ष, दोघांनाही पानभर जागा मिळते.

रंगाच्या बाबतीत सावध राहा. तांब्यापासून केलेला जंगाल हा हिरवा रंग काळाने तपकिरी पडतो, कधी चर्मपत्रही खातो. तपकिरी पान म्हणजे वाळलेलं पान नव्हे.

चित्राशेजारची नावं शेवटी वाचा. व्हिएन्नाच्या प्रतीत अरबी आणि हिब्रू नावं नंतरच्या वाचकांनी लिहिलेली आहेत. ती त्यांनी केलेली ओळख आहे, चित्रकाराची साक्ष नव्हे. तुमच्या पेन्सिलीच्या टिपणाशी जुळली तरच स्वीकारा.