विमानाच्या पंखाच्या कडेवर वाळलेले किडे कसे काढावेत

किडे जमिनीलगत जास्त असतात. त्यामुळे लीडिंग एजवर, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेवर, ते आपटतात मुख्यतः टेकऑफ, सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) आणि लँडिंगच्या वेळी. किडा फुटला की आतला चिकट रस पसरून घट्ट होतो आणि पाय, पंख, कवचाचे तुकडे त्यात रुतून बसतात. त्याच संध्याकाळी ओल्या कपड्याने पुसलं तर पटकन उरकतं. दोन दिवस ऊन लागू दिलंत, तर मग घाम गाळा.

सेस्ना १७२सारख्या छोट्या इंजिनवाल्या विमानाला या खरखरीने फारसं बिघडत नाही. ग्लायडरला (मुख्यतः इंजिनाविना तरंगत जाणाऱ्या विमानाला) मात्र फटका बसतो. त्याच्या पंखावरून हवा न घुसळता सरकावी असा आकार दिलेला असतो. किड्याचा एक कण आडवा आला की त्याच्या मागे पाचरीसारखा पट्टा घुसळायला लागतो. असे पट्टे वाढले की ग्लाइड रेशो, म्हणजे ठरावीक उंची गमावून कापलेलं अंतर, उतरतो.

विमान सावलीत घ्या, चाकांना चॉक (अडसर) लावा, इंजिन असेल तर किल्ली काढून खिशात ठेवा. पिटोला (वेग मोजण्यासाठीच्या नळीला) कव्हर घाला, स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकांवर) टेप लावा. टेप भडक रंगाचीच हवी, आणि किती ठिकाणी लावली ते लिहून ठेवा. १९९६ साली लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या ७५७ विमानाची धुताना लावलेली टेप काढायची राहिली होती. उंची आणि वेगाचे आकडे चुकले, विमान समुद्रात पडलं, ७० जण गेले.

जुने टॉवेल साध्या पाण्यात भिजवून कडेवर पांघरा आणि दहा मिनिटं हात लावू नका. खरं काम हे भिजणंच करतं. मग न्यूट्रल शाम्पूच्या पाण्यात मायक्रोफायबर बुडवून हलक्या हाताने पुसा. हातभर पुसून झालं की कपडा दुसऱ्या, साध्या पाण्याच्या बादलीत खळबळा. नाहीतर कवचाचे तुकडे वाळूसारखे रंगावर घासले जातात. भांड्यांची हिरवी घासणी जेलकोटला (ग्लायडरच्या वरच्या गुळगुळीत थराला) कायमचे ओरखडे पाडते. डाग हटत नसेल तर टॉवेल पुन्हा पांघरा, जोर लावू नका.

विंडशील्ड अ‍ॅक्रिलिकचं असतं. त्यावर अमोनियावाला काचेचा क्लीनर किंवा थिनर चालत नाही, केसासारख्या चिरा पडतात. भरपूर पाणी ओता, उघड्या तळव्याने चाचपून कण सोडवा, मगच सरळ रेषेत पुसा.

शेवटी डोळे मिटून कडेवरून तळवा फिरवा, खालच्या बाजूनेही. तिथलेच किडे हमखास राहतात. ग्लायडरला मेण लावायचं तर सिलिकॉन नसलेलं घ्या, कारण सिलिकॉन मुरलं की पुढे दुरुस्तीच्या वेळी रंग धरत नाही.

टेपा मोजून काढा. सेस्ना १७२ असेल तर डाव्या पंखाच्या कडेवरचं स्टॉल वॉर्निंगचं (पंखाची उचल सुटण्याआधी इशारा देणारं) भोकही तपासा: त्यावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढा, हॉर्न वाजला पाहिजे. रुमाल टाळू नका, भोकात अडकलेला किडा थेट घशात जाईल.