साइटसाठी अ‍ॅप बनवताय? आधी इशारे कमी करा

सिव्हिल किंवा डिझाइन करून बांधकाम-सुरक्षेच्या अ‍ॅपकडे वळणाऱ्यांना परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) आणि टूलबॉक्स टॉक (कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक) समजावत बसत नाही. मला ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त छळलं, तेवढीच नीट सांगते.

अ‍ॅपवर इशाऱ्याची तीच लाल पट्टी, तेच ‘हार्नेस लावा’ (उंचीवर बांधायचा सुरक्षापट्टा), रोज. बघूनही काही घडत नाही, असं दोन-चारदा झालं की मेंदू त्या पट्टीला दाद देणं कमी करतो. याला कामगाराचा निष्काळजीपणा म्हणू नका, तुमचं-माझंही तेच होतं. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली लोकांना एफएमआरआय मशीनमध्ये (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारं यंत्र) झोपवून संगणकावरचे सुरक्षा-इशारे दाखवले. तोच इशारा दुसऱ्यांदा दिसला तेव्हाच मेंदूतली दृष्टीची प्रक्रिया एकदम घसरली. दुसऱ्यांदाच! आता तुमच्या फिटरला तो दिवसातून किती वेळा दिसतो ते मोजा. रूप बदलत राहणाऱ्या इशाऱ्यांना मात्र ही घसरण कमी होती.

अपघात झाला की वरून हुकूम येतो, “अजून एक अलर्ट टाका.” टाकू नका. नवा इशारा जुन्यांचंही बळ खातो. सकाळी आठला सगळ्यांच्या फोनवर नको. परांचीवर चढायच्या आधी, चढणाऱ्यालाच दाखवा. रंग, चित्र, आवाज बदलता ठेवा. आणि जिथे रेलिंग बसवता येतं तिथे रेलिंगच बसवा, अ‍ॅप नको.

न्यूरोसायन्सची पदवी नाही म्हणून बिचकू नका, खरंच. जॉन स्वेलर यांचा आकलनभाराचा सिद्धांत, म्हणजे समजून घेताना मनावर किती ओझं पडतं त्याचा, वाचा. माणूस एका वेळी जेमतेम चार गोष्टी मनात धरतो, हे मांडणारा नेल्सन कोवन यांचा २००१ चा लेखही वाचा. चेकलिस्टमधले कुठले रकाने उडवायचे ते कळायला लागेल. दोन दिवसांच्या ‘न्यूरो-डिझाइन’ सर्टिफिकेटवर पैसे घालू नका. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतले विद्युत-संकेत मोजणाऱ्या, हेल्मेटचंही मला कौतुक नाही; घाम आला, मान वळली की सिग्नलमध्ये कचरा शिरतो.

गुरू हवा असेल तर मुकादम धरा. बिहार, बंगाल, ओडिशाहून आलेल्या माणसांपैकी कोण वाचतो, कोण नुसतं चित्र बघतो, भर उन्हात, हातमोजे घालून कुठलं बटण दाबलं जात नाही, हे त्याला पाठ असतं. पहिले काही आठवडे तो उभं करणार नाही. तरी जात राहा.

नोकरीच्या मुलाखतीला चकचकीत स्क्रीन नेऊ नका. एकच परमिट न्या, तुम्ही बदलण्याआधीचं आणि बदलल्यानंतरचं, आणि काय काढलं, का काढलं ते सांगा.