ड्रेयरचा 'जोन ऑफ आर्क' घरी किंवा सोसायटीत दाखवायचाय? मग असं करा

दीडेक तासाचा, ब्लॅक अँड व्हाइट, एक शब्द ऐकू येत नाही, अख्खा पिक्चर म्हणजे चौकशी आणि शेवटी नायिकेला जिवंत जाळतात. हे असलं काहीतरी जेवणं झाल्यावर लोकांना बसवून दाखवायचं म्हटलं की पहिले घरचेच हसणार. हसू द्या. कार्ल ड्रेयरचा १९२८चा हा पिक्चर (दिग्दर्शक डॅनिश, बाकी पैसा, नट, शूटिंग सगळं फ्रान्सचं) नीट लावला तर माणसं खरंच मोबाइल खाली ठेवतात, फक्त नीट लावायला थोडी मेहनत आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरू करायच्या आधी पाच-सात मिनिटं गोष्ट सांगा, शेवटासकट सांगा. स्पॉयलर वगैरे विसरा, कीर्तनात आख्यानाचा शेवट सगळ्यांना माहीत असतो, तरी लोक बसतातच ना. काय सांगायचं तर, फ्रान्स आणि इंग्लंडचं शंभर वर्षांचं युद्ध चालू होतं, त्यात फ्रान्समधल्या दोंरेमी गावातली जोन ही शेतकऱ्याची पोर म्हणाली मला संतांचे आवाज ऐकू येतात, राजाला गादीवर बसवायचंय. १४२९च्या मे महिन्यात इंग्रजांनी ऑर्लेआं शहराला घातलेला वेढा उठला, जुलैत सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, पुढच्या वर्षी ती पकडली गेली, इंग्रजांना विकली गेली, आणि १४३१ साली रुआँ शहरात तिच्यावर पाखंडाचा खटला चालला. न्यायालय चर्चचं, मुख्य न्यायाधीश बिशप कोशों, पण शहर इंग्रजांच्या ताब्यात, म्हणजे निकाल कुठल्या बाजूला झुकणार ते कळलंच. ३० मेला जाळली, वय साधारण १९. १४५६ला तोच निकाल रद्द झाला आणि १९२० साली चर्चने तिला संतपद दिलं.

आणि हे ठासून सांगा की लढाया दिसणार नाहीत. घोडा नाही, तलवारबाजी नाही. काही महिन्यांचा खटला जणू एकाच दिवसात झाला असा दाखवलाय. हे सांगितलं नाही तर अर्धे लोक वेढ्याची वाट बघत बसतात आणि मग चहा करायला उठतात.

जमलं तर एक प्रश्न आधीच समजावून ठेवा. तिला विचारतात, तुझ्यावर देवाची कृपा आहे का? हा सापळा आहे. हो म्हणाली तर गर्विष्ठ, कारण चर्चच्या शिकवणीप्रमाणे हे कोणालाच खात्रीने कळू शकत नाही, आणि नाही म्हणाली तर स्वतःच पापी असल्याची कबुली. ती म्हणते, नसेल तर देव मला ती देवो, असेल तर त्यातच ठेवो. लिहिता-वाचता न येणारी पोर एवढ्या मोठ्या पंडितांना असं उत्तर देते, आणि हे लेखकाने रचलेलं नाही, खटल्याच्या मूळ नोंदीत आहे. हे माहीत असलं की त्या सीनला खोलीत जी शांतता होते ना, ती वेगळीच.

आता कॉपी. यूट्यूबवरची पहिली दिसेल ती लावू नका. मूळ निगेटिव्ह १९२८लाच बर्लिनमध्ये जळली, मग बरीच वर्षं लोक दुय्यम, तुकड्यांच्या कॉप्या बघत होते, १९८१ साली ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात चांगली प्रिंट सापडली. आपल्याला त्यावरून केलेली रिस्टोर्ड कॉपी हवी. १९५०च्या दशकातली एक कॉपी फिरते, मागे बाख वगैरे चिकटवलेलं, ती स्वतः ड्रेयरला आवडली नव्हती, सोडून द्या. वेगाचं पण बघा, सेकंदाला २० फ्रेम असेल तर ९७ मिनिटं, २४ असेल तर ८२च्या आसपास. माझं मत २०, चेहऱ्यांना वेळ मिळतो, पण लोक नवखे असतील तर २४ चालेल.

संगीत हा वादाचा विषय. ड्रेयरने कुठलंच एक संगीत पक्कं करून ठेवलेलं नाही, त्यामुळे पर्याय भरपूर आहेत. रिचर्ड आइनहॉर्नचं 'व्हॉइसेस ऑफ लाइट' भव्य आहे, पण लहान खोलीत कधीकधी तेच सगळं खाऊन टाकतं. पहिली काही मिनिटं आवाज एकदम बंद ठेवून बघा, कसं वाटतं ते. मुंबईत पूर्ण शांतता मिळणार नाहीच, खालच्या मजल्यावरची शिट्टी होणार, रिक्षा जाणार, म्हणून पियानोचं साधं संगीत हळू आवाजात हा मधला मार्ग. सोसायटीच्या हॉलमध्ये लावणार असाल तर साडेआठला सुरू करा, दहानंतर स्पीकर चालू ठेवून सेक्रेटरीशी भांडण नको.

मधे मधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या बहुतेक फ्रेंच असतात, खाली इंग्रजी सबटायटल. आजी-आजोबा येणार असतील तर मराठी सबटायटल स्वतः करा, पाट्या काही फार नाहीत, संवाद छोटे आहेत. इंग्रजी सबटायटलची एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, वेळा तशाच ठेवून वाक्यं बदलायची आणि सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडायचं, नाहीतर सगळे चौकोन दिसतात. काही टीव्हींवर जोडाक्षरं फुटतात, म्हणून पेन ड्राइव्ह नको, लॅपटॉपवर व्हीएलसी लावून एचडीएमआय जोडा.

टीव्हीचं विविड मोड आणि मोशन स्मूदिंग बंद करा, आणि चित्र ताणून स्क्रीनभर करू नका प्लीज. हा पिक्चर जवळजवळ चौरस आहे आणि सगळा क्लोजअपवर उभा आहे, जोन झालेल्या फाल्कोनेत्तीला मेकअप नाही, तिच्या ओठांच्या भेगासुद्धा दिसतात, तो चेहरा आडवा फुगला तर संपलंच. बाजूच्या काळ्या पट्ट्यांबद्दल कोणीतरी विचारणारच, सांगा की असाच असतो. खिडकीला जाड चादर लावा, रस्त्यावरचा दिवा थेट पडद्यावर येतो.

लहान मुलांना नको. शिरेतून रक्त काढतानाचा शॉट खऱ्या दंडावर घेतलेला आहे, तिचे केस पण खरंच कापलेत, आणि शेवटची आग बराच वेळ चालते. बारा-तेराच्या पुढे ठीक.

तारीख ३० मे ठेवायचा मोह होतो, पण तेव्हा अर्धी सोसायटी कोकणात असते. जूनचा दुसरा शनिवार बरा, पाऊस असतो म्हणून गच्ची सोडा, हॉलच घ्या.

कोणाला आवडलं आणि पुढे काय विचारलं तर फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँचा १९६२चा पिक्चर सांगा, तोच खटला, तासाभराचा, एकदम कोरडा, रडू येत नाही पण डोक्यात राहतो. रिवेतचा १९९४चा दोन भागांत आहे, जोन झालेली साँद्रिन बॉनेर मस्त आहे, त्यात लढाया पण आहेत, पण तो सोसायटीत लावू नका, दोन रविवार काढून घरीच बघा.