पावसातल्या जंगलवाटेची तयारी

जुलै-ऑगस्टमध्ये नागपुरातून जंगलवाट चालायला निघणाऱ्याने आपण भिजू की नाही, हा विचारच सोडून द्यावा; भिजल्यावर अंगात ऊब, पायाखाली पकड आणि सॅकमध्ये कोरड्या कपड्यांचा एक जोड शिल्लक राहील का, एवढेच पाहावे. पुढची सगळी तयारी याच हिशेबाने मांडली आहे.

आधी जागा ठरवावी. पेंचसारख्या व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन पावसाळ्यात बंद असते आणि एरवीही तिथे पायी हिंडता येत नाही, त्यामुळे नवख्यांनी रामटेकच्या गडापासून सुरुवात करावी. सवय असलेल्यांनी चिखलदऱ्याला जावे. मात्र गाविलगडासह तो परिसर मेळघाटच्या जंगलाला लागून असल्याने कोणती वाट खुली आहे, याची वनविभागाकडे आधी चौकशी करावी. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर, तर नागपूर साधारण ३१० मीटरवर आहे. एवढ्या उंचीच्या फरकाने तापमान चार-पाच अंशांनी उतरते, त्यात धुके आणि वारा. शहरातल्या उकाड्यात घामाघूम होऊन निघालेला माणूस तिथे ओल्या सुती टी-शर्टात कुडकुडतो तो यामुळेच. म्हणून अंगात लवकर वाळणारे पॉलिस्टरचे कपडे असावेत आणि जीन्स घरीच राहावी, कारण ती एकदा भिजली की दिवसभर जड राहते आणि मांड्या सोलवटून काढते. परतताना घालायचा जोड, टॉवेल आणि दोन पायमोजे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड पिळून दुमडून बांधावेत. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नये. पाठीकडच्या बाजूने पाणी आत झिरपतेच.

रेनकोट की पोंचो, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले जाते. सपाट रानात आणि दमट हवेत रेनकोटच्या आत घामानेच आंघोळ होते, म्हणून तिथे सॅकही झाकणारा मोकळा पोंचो बरा. कड्याजवळच्या वाऱ्यात मात्र तोच पोंचो डोक्यावरून उलटतो आणि पाऊल कुठे पडते आहे हे दिसेनासे होते, तेव्हा चिखलदऱ्याला रेनकोटच न्यावा. छत्री गाडीत ठेवावी. उतारावर दोन्ही हात मोकळे हवेत.

बुटांच्या बाबतीत काटकसर करू नये. विदर्भातली काळी माती ओली झाली की तळव्याला थरावर थर चिकटते, दहा-वीस पावलांत बुटाची सगळी नक्षी बुजून जाते आणि मग पाय चिखलावरून नव्हे, चिखलाच्या गोळ्यावरून घसरतो. खोल आणि विरळ खाचांचा तळवा ती माती लवकर सोडतो. शेवाळलेल्या काळ्या दगडावर कोणताही बूट भरवशाचा नाही. तिथे काठी टेकवावी आणि पाऊल सपाट, लहान टाकावे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज पाहावा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकलावा, त्यात कमीपणा नाही. विजांसाठी मोबाइलमध्ये ‘दामिनी’ ॲप घ्यावे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी एकट्या झाडाखाली न थांबता कडा आणि मोकळे पठार सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे.

नाल्याबाबतचा निर्णय घरीच व्हायला हवा, कारण काठावर उभे राहिल्यावर पलीकडे गेलेला मित्र हात करतो आणि अक्कल गुंडाळली जाते. वाहते पाणी गुडघ्याला लागत असेल तर उतरायचे नाही, असे सगळ्यांनी आधीच कबूल करावे. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या अंगाला झालेल्या पावसाने नाला फुगतो. पाणी अचानक गढूळ होऊन त्यात काडीकचरा वाहून येऊ लागला, तर लगेच काठ सोडून उंचावर जावे.

खाण्यासाठी भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे आणि थर्मासमध्ये चहा पुरेसा आहे. पावसात तहान जाणवत नाही, पण घाम जातच असतो, म्हणून पाणी आणि ओआरएसची पाकिटे सोबत हवीतच. भज्यांसाठी चिखलदऱ्याच्या वाटेवरच्या परतवाड्याला गाडी थांबतेच, तो वेळ आधीच धरून अंधारापूर्वी जंगलाबाहेर पडता येईल असे निघावे. टॉर्च, शिट्टी आणि पिशवीत गुंडाळलेला मोबाइल प्रत्येकाकडे असावा. रेंजचा भरवसा नसल्याने वाट आणि परतीची वेळ घरी लिहून द्यावी.

गवतात बसणे टाळावे आणि पायमोजे विजारीवर ओढून घ्यावेत. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले होते. गवता-झुडपांतल्या चिगर माइट या अगदी बारीक किड्याच्या चाव्यातून हा आजार होतो. घरी येताच गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करावी, कपडे धुवायला टाकावेत आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते ओले झाले की बदलत राहावेत. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, तर काखेत, जांघेत, कमरेशी चाव्याच्या जागी पडणारी काळी खपली आहे का ते पाहावे आणि खपली नसली तरी आपण जंगलात जाऊन आलो, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे.