कॉलसाइन जुळत नाही? आधी तीन नावं वेगळी करा

कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मुंबईच्या रनवे 27 च्या तोंडाशी एटीआर 72 हे छोटं प्रवासी विमान घेऊन उभा होतो. निघायचं होतं कोल्हापूरकडं. विमानावर आपल्या देशी कंपनीचे रंग, शेपटीवर व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीची अक्षरं. आणि टॉवर हाक (म्हणजे कॉलसाइन) मारतोय 'नोव्हेंबर' म्हणून. नोव्हेंबर म्हणजे एन, अमेरिकी नोंदणीचं पहिलं अक्षर. विमान बदललं, विमानतळ बदलला, तरी तेच. हे तीन आठवडे चाललं. आमच्या मंगळवार पेठेतल्या माडीवर रात्री एक-एक वाजेपर्यंत बसायचो आणि सकाळी कॉलेजात डोळे मिटायचे. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

सिम्युलेटर बसवणं, एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) खिडकी उघडून आकडे दाबणं, रंगसंगतीची फाइल टाकणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी शिकलो ते एफएसएक्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, 2006 चा जुना गडी, कारण सेकंडहँड कॉम्प्युटरवर तेवढंच पळत होतं. नव्या सिम्युलेटरवर पडदे वेगळे आहेत, पण खड्डा तोच आहे.

प्रत्येक विमानाच्या फोल्डरमध्ये 'एअरक्राफ्ट.सीएफजी' नावाची साधी मजकुराची फाइल असते. त्यात प्रत्येक रंगसंगतीचा एक तुकडा, आणि त्या तुकड्यात आपल्या कामाच्या चार ओळी: एटीसी_आयडी, एटीसी_एअरलाइन, एटीसी_फ्लाइट_नंबर आणि एटीसी_पार्किंग_कोड्स. पहिलीत नोंदणी क्रमांक, तिसरीत फ्लाइटचा आकडा. त्यात अवघड काही नाही. मी मेलो ते दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत.

एटीसी_एअरलाइनच्या पुढं मी काय लिहिलं असेल? कंपनीचं नाव. 'इंडिगो'. कोणीही तेच लिहील. चाललं नाही, म्हणून '6ई' लिहिलं, कारण तिकिटावर ते असतं. मग 'आयजीओ' लिहिलं. तिन्ही वेळा टॉवरनं एनच वाचला.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथंच आहे. एका विमान कंपनीला तीन वेगवेगळी नावं असतात. तिकिटावरचं दोन अक्षरांचं नाव प्रवाशांसाठी. फ्लाइट प्लॅनमधलं तीन अक्षरांचं नाव कंट्रोलरच्या पडद्यासाठी. आणि तिसरं, रेडिओवर तोंडानं उच्चारायचं. कानाला ते दुसऱ्या कुणासारखं वाटू नये, खरखरीतही कळावं, म्हणून ते वेगळं ठेवलेलं असतं. इंडिगोचं तिकिटावर 6ई, प्लॅनमध्ये आयजीओ आणि रेडिओवर 'आयफ्लाय'. अलायन्स एअरचं 9आय, एलएलआर आणि 'अलाइड'. एअर इंडिया एक्स्प्रेसचं आयएक्स, एएक्सबी आणि 'एक्स्प्रेस इंडिया', म्हणजे शब्द चक्क उलटे. ब्रिटिश एअरवेजचं बीए, बीएडब्ल्यू आणि 'स्पीडबर्ड', ज्याचा कंपनीच्या नावाशी ताळमेळच नाही. अंदाजानं हे तिसरं नाव सापडेलच असं नाही. ते शोधून, अक्षर न् अक्षर पाहूनच लिहावं लागतं.

आणि फाइलची खोड अशी की एटीसी_एअरलाइनला हवं तोंडी नाव, तर दोन ओळी खाली एटीसी_पार्किंग_कोड्सला हवा तीन अक्षरी कोड. जवळजवळच्या दोन ओळी, दिसायला सारख्या, मागणी वेगळी. मी दोन्हीकडं एकच लिहीत होतो. पार्किंगला विमान बरोबर जागेवर लागायचं, त्यामुळं मला वाटायचं की माझं लिहिलेलं बरोबर आहे आणि सिम्युलेटरच बिघडलाय. त्या अर्ध्या यशानंच मला सगळ्यात जास्त फसवलं.

एफएसएक्सवर आणखी एक पायरी आहे. तिथला टॉवर बोलतो ते आधी रेकॉर्ड केलेले तुकडे जोडून. जो शब्द रेकॉर्डच केलेला नाही, तो त्याला म्हणताच येत नाही. मग तो गुपचूप फाइलमधल्या एटीसी_आयडीच्या नोंदणी क्रमांकावर येतो. कसली सूचना नाही, कसली चूक दाखवत नाही. म्हणून नाव बरोबर लिहूनही एन ऐकू आला तर घाबरू नका. 'एडिट-व्हॉइसपॅक' नावाचं जुनं साधन आहे, त्यातून नवी नावं घालता येतात. फ्लाइट नंबरची ओळ मात्र रिकामी ठेवू नका. ती रिकामी असली तर कंपनीचं नाव असूनही नोंदणी क्रमांकच वाचला जातो.

मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या आणि त्यानंतरच्या सिम्युलेटरमध्ये आवाज मजकुरावरून तयार होतो, त्यामुळं जे लिहाल ते तो वाचतो. तिथं फाइल उघडायचीही गरज नाही, विमान निवडताना कॉलसाइन आणि फ्लाइट नंबर यांचे रकाने आहेत. पण '6ई' लिहिलंत तर तो 'सिक्स ई'च म्हणेल. कुठंतरी फुकट मिळालेलं विमान टाकल्यावर टॉवर 'टीटी, एटीसीकॉम...' असं काहीतरी लांबलचक वाचू लागला, तर त्यात तुमचा काही दोष नाही. विमानाच्या नावाची चिठ्ठी फाइलमध्ये आहे, पण तिचा अर्थ सांगणारा मजकूर सिम्युलेटरला सापडत नाहीये. एटीसी_मॉडेलच्या ओळीत साधं नाव लिहून बघा.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. विंडोज फाइलची शेपटी लपवतं, त्यामुळं नोटपॅडनं 'एअरक्राफ्ट.सीएफजी.टीएक्सटी' अशी दुसरीच फाइल केलेली असते आणि तुम्ही तासभर तीच सुधारत बसता. तुकड्यांचे क्रमांक 0, 1, 2 असे सलग हवेत. मधला एक गाळला की पुढचे दिसतच नाहीत. बदल केल्यावर सिम्युलेटर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. कॉलसाइनमागं 'हेवी' लावायची खूण उगाच करू नका. हेवी म्हणजे 1 लाख 36 हजार किलो किंवा त्याहून जास्त वजनाचं विमान. एटीआर 23 हजार किलोचं.

आता थोडं स्पष्ट बोलतो. मला एका क्लासमधल्या सरांनी सांगितलं, 'सगळं काढ आणि पुन्हा बसव.' तीनदा बसवलं. एका दादानं त्याची तयार फाइल पाठवली. ती टाकली, आणि माझ्या आधीच्या पाच रंगसंगती गायब. दुसऱ्याची तयार फाइल कधीही घेऊ नका. चारच ओळी आहेत, हातानं टाइप करा, आधी मूळ फाइलची एक कॉपी बाजूला ठेवा. आणि शिकवणारा कसा ओळखायचा? पहिलाच प्रश्न 'टॉवर नेमकं काय म्हणाला?' असा विचारतो, तो कामाचा. मला तसा माणूस शेवटी भेटला. त्यानं विचारलं, मी 'नोव्हेंबर' म्हणालो, आणि अर्ध्या मिनिटात तो म्हणाला, 'अरे भावा, हाक आणि कोड वेगळे असतात.' वहीच्या मागच्या पानावर त्यानं तीन रकाने आखून दिले. ते पान अजून माझ्याकडं आहे.

व्हॅटसिमवर, म्हणजे खरी माणसं कंट्रोलर होतात त्या ऑनलाइन नेटवर्कवर, गेलात की हाच खड्डा उलट्या बाजूनं येतो. तिथं जोडणीच्या रकान्यात तीन अक्षरी कोड आणि आकडे लागतात, मध्ये मोकळी जागा न सोडता. तिथं 'आयफ्लाय' लिहायचं नाही. ते बोलायचं. आयजीओमधला ओ म्हणजे अक्षर, शून्य नव्हे. माझा एक मित्र महिनाभर शून्य टाकून उडत होता आणि त्याच्या विमानाला कुणाच्याच पडद्यावर योग्य रंग दिसत नव्हते.

तुमच्यातले काही जण एटीसीच्या भरतीची तयारी करत असतील, काही आरटीआर, म्हणजे विमानातल्या रेडिओ परवान्याच्या परीक्षेची. मीही भरतीच्याच रांगेत आहे. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलं ते त्यासाठीच. हा वेळ वाया गेला असं मनात आणू नका. कॉलसाइन कुठं छोटी करता येते आणि कुठं नाही, हे मला याच गोंधळातून पक्कं झालं. व्हीटी-एबीसी ही नोंदणी आधी कंट्रोलरनं 'व्ही-बीसी' अशी छोटी केली, तरच वैमानिकानं तशी म्हणायची. कंपनीची हाक आणि फ्लाइट नंबर मात्र कधीच छोटा होत नाही. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. कानावर पडलं की विसरत नाही.

उजळाईवाडीचा आपला कोल्हापूर विमानतळ 1939 पासूनचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. सिम्युलेटरमध्ये त्याचा कोड व्हीएकेपी, रनवे 07 आणि 25. सरावासाठी मुंबई-कोल्हापूर हाच मार्ग घ्या. लहान आहे, मुंबईला भरपूर बोलणं होतं आणि कोल्हापूरकडं येताना वही चाळायला निवांत वेळ मिळतो. पहिल्या दिवशी टॉवर जे म्हणेल ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा, 'नोव्हेंबर' म्हणाला तर 'नोव्हेंबर'च लिहा. मग फाइल उघडा.